अरिथा फ्रँकलिनची मैफल घरच्या पडद्यावर: सांगली-मिरजेच्या रसिकांसाठी

१३ आणि १४ जानेवारी १९७२ अशा सलग दोन रात्री अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिन लॉस एंजेलिसच्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये गायली. तेव्हा ती २९ वर्षांची होती आणि सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतात तिच्या तोडीला कुणी नव्हतं. तरी त्या दोन रात्री तिने आपली गाजलेली गाणी बाजूला ठेवली आणि ज्या भक्तिगीतांवर ती वाढली ती गॉस्पेलची गाणी गायली. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांच्या चमूने सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांवर सुमारे वीस तासांचं चित्रण केलं. आवाज वेगळ्या यंत्रावर मुद्रित होत होता. अशा वेळी प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवायची असते. पाटी मिटताना दिसते, तिचा ‘टक’ ऐकू येतो आणि त्या खुणेवर पुढे चित्र आणि आवाज जुळवता येतात. इथे पाटी वाजवलीच नव्हती. ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली आणि तुफान खपली. चित्रफीत मात्र डब्यात पडून राहिली. पुढे निर्माते ॲलन एलियट यांनी संगणकाच्या मदतीने मेळ बसवला, पण अरिथाची संमती नव्हती म्हणून प्रकरण कोर्टात अडकलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ती गेली, घरच्यांनी होकार दिला आणि त्याच वर्षी ‘अमेझिंग ग्रेस’ नावाने हा सुमारे दीड तासाचा चित्रपट पडद्यावर आला.

इतिहास आधी सांगितला, कारण पुढची सगळी तयारी त्याच्याशी बांधलेली आहे. ओठ आणि सूर जुळून पडद्यावर यायला ४६ वर्षं लागली, आणि घरात ब्लूटूथ स्पीकर जोडला की तो मेळ पाच सेकंदांत मोडतो. म्हणून हा चित्रपट दाखवायचा तर पहिली काळजी आवाजाची, दुसरी मेळाची, पडद्याची तिसरी.

प्रत कुठली घ्यावी

अधिकृत स्ट्रीमिंगवर भाड्याने किंवा विकत मिळत असेल तर तोच सोपा मार्ग. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी तपासा, कारण हे चित्रपट एका ठिकाणाहून दुसरीकडे जात असतात. शक्य असेल तर ॲपमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवा. ऐन गाण्यात चकरी फिरायला लागली की बैठक मोडते ती परत बसत नाही. डिस्क मागवणार असाल तर प्रदेश-क्रमांक पाहा. भारतातले डीव्हीडी प्लेअर प्रदेश ५ चे आणि ब्लू-रे प्लेअर प्रदेश ‘सी’चे असतात. अमेरिकेतली डीव्हीडी प्रदेश १ ची आणि ब्लू-रे प्रदेश ‘ए’ची निघते, तसं छापलेलं असेल तर ती आपल्या साध्या प्लेअरवर लागत नाही.

डीव्हीडीबाबत आणखी एक गोष्ट, आणि सूर पक्का असलेल्या माणसाला ती हमखास खटकते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बऱ्याचदा २५ चौकटींनी पळवतात. चित्र चार टक्के वेगाने जातं ते डोळ्याला कळत नाही, पण त्याबरोबर आवाजही चढतो, जवळजवळ पाऊण अर्धस्वराने. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी गाणं अडकल्यासारखं वाटतं, गळा पातळ लागतो. नव्वद मिनिटांचा चित्रपट शहाऐंशी मिनिटांत संपत असेल तर समजा की हेच झालंय. निवड करता येत असेल तर ब्लू-रे किंवा स्ट्रीमिंग घ्या.

आणि परवानगीचं. घरच्या दिवाणखान्यात नातेवाईक-मित्र बसवणं वेगळं, मंडळाच्या नावाने फलक लावून सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात दाखवणं वेगळं. सार्वजनिक खेळाला, तिकीट नसलं तरी, हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. घरगुती स्ट्रीमिंगचं खातं तिथे चालत नाही. ही वाट लांबची आहे, निदान दोन महिने हाताशी ठेवा. या लेखात पुढचं सगळं पंधरा-वीस माणसांच्या घरगुती बैठकीसाठी धरलंय.

आवाज

हाताशी पैसे थोडे असतील तर ते इथे घाला. टीव्हीचे स्पीकर बारीक असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात; त्यातून अरिथाचा गळा येतो, पण त्याखालची जमीन येत नाही. या मैफलीत बास गिटारवर चक रेनी आहेत, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, गिटारवर कॉर्नेल डुप्री. हे तिघं ऐकू आले नाहीत तर गाणं हवेत तरंगत राहतं.

आठ-दहा माणसं असतील तर घरचा ॲम्प्लिफायर आणि दोन चांगले लाकडी पेटीचे स्पीकर पुरतात. पंधरा-वीस असतील तर बारा इंची दोन पॉवर्ड स्पीकर, त्यांचे स्टँड आणि चार चॅनेलचा छोटा मिक्सर भाड्याने आणा. साउंडवाल्याला सांगताना नेमकं सांगा: डीजेचा सेट नको, कीर्तनाचा साउंड पाहिजे. आणि तो मिक्सर आला की सगळ्यात आधी त्यावरचा इको बंद करा. कीर्तन-ऑर्केस्ट्रासाठी तो कायम चालू ठेवलेला असतो, आणि चर्चच्या मूळ घुमाऱ्यावर आपला घुमारा चढला की शब्द विरघळतात.

स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून अडीच-तीन मीटरवर, थोडे आत वळवून ठेवा. भिंतीपासून किमान दोन फूट पुढे, आणि कोपऱ्यात तर अजिबात नाही. कोपरा खालचे स्वर फुगवतो. लोक सतरंजीवर बसणार असतील तर स्पीकरचा वरचा भोंगा जमिनीपासून साधारण एक मीटरवर, खुर्च्या असतील तर सव्वा मीटरवर.

आता जोडणी. इथे एक चूक इतकी सरसकट होते आणि तिचा परिणाम इतका चमत्कारिक असतो की ती नीट समजून घ्यायला हवी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली एक वायर तशीच मिक्सरच्या किंवा स्पीकरच्या माइकच्या भोकात घातली की गायिकाच गायब होते. मागचा वृंद अस्पष्ट येतो, टाळ्या येतात, ऑर्गन पोकळ येतो, आणि मधोमध जिथे अरिथा असायला हवी तिथे खड्डा. लॅपटॉप डावा आणि उजवा असे दोन आवाज पाठवतो; माइकचं भोक त्या दोघांमधला फरक तेवढा उचलतं. गायिकेचा गळा दोन्हींत सारखा असतो, म्हणून वजाबाकीत शून्य होतो. त्यासाठी एका टोकाला लहान पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना असलेली वायर घ्यायची, दोन पिना दोन वेगळ्या चॅनेलमध्ये घालायच्या, एकाचं पॅनचं (डावा-उजवा ठरवणारं) बटण पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचं पूर्ण उजवीकडे. दुकानात ‘लॅपटॉप टू मिक्सर’ म्हटलं की देतात, तरी पिना मोनो आहेत ना ते पाहून घ्या: पिनेवर एकच काळा पट्टा असतो.

वायर बरोबर असूनही गळा दबका येत असेल तर दोष प्लेअरच्या सेटिंगमध्ये असतो. प्लेअर ‘पाच-एक’चा (५.१, सहा स्पीकरांना वाटलेला) आवाज पाठवत असतो, त्यात गायन मधल्या स्पीकरला दिलेलं असतं आणि तुमच्याकडे मधला स्पीकर नसतो. ऑडिओ मेनूत जाऊन ‘स्टीरिओ’ निवडा.

गुणगुण येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. गुणगुण थांबली तर तो अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवा, किंवा लॅपटॉप, मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू नका. गुणगुण जाईल, पण शॉक बसायची वाट मोकळी होईल.

आवाजाची पातळी अशी लावा: लॅपटॉपचा आवाज ८५-९० टक्के, पॅन आणि इको सोडून मिक्सरची बाकीची बटणं बाराच्या काट्यावर, मास्टर हळूहळू वर. मग मैफलीचे सूत्रधार आणि पियानोवादक रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड सुरुवातीला बोलतात तो भाग लावा. खोलीच्या शेवटच्या ओळीत उभं राहून त्यांचं इंग्रजी स्वच्छ ऐकू येतं का पाहा. येत नसेल तर ट्रेबल वाढवायचा मोह टाळा, आधी बेस कमी करा. दहापैकी आठ वेळा तेवढ्याने भागतं. मग एखादं वेगाचं गाणं लावून फक्त बास गिटार ऐका. प्रत्येक स्वर सुटा कळला पाहिजे, जसा पखवाजाचा ‘धा’ आणि ‘गे’ वेगळा कळतो. नुसतंच ‘गुम गुम’ येत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून आणखी ओढा.

मेळ

साध्या ब्लूटूथला आवाज पोचवायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा जास्त लागतो. म्हणजे चित्र चार-पाच चौकटी पुढे निघून जातं. आवाज थोडा मागे असला तर मन सांभाळून घेतं, कारण लांबून येणारा आवाज उशिराच येतो हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. पण सेकंदाच्या आठव्या भागापलीकडे गेला की डोळ्यांना टोचायला लागतो. उलट, आवाज चित्राच्या आधी आला तर त्याच्या निम्म्याहून कमी फरकही खटकतो. काही टीव्ही ब्लूटूथसाठी चित्र तेवढंच मागे धरतात, सगळे नाही. सरळ वायर वापरा.

वायर वापरूनही प्रोजेक्टरवर गडबड होऊ शकते, ती उलट्या बाजूने: प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आणि वायरने गेलेला आवाज आधी पोचतो. प्रोजेक्टरमध्ये ‘गेम’ मोड असेल तर तो लावून पाहा, चित्र लवकर येतं. फाइल व्हीएलसीवर चालवत असाल तर ‘के’ दाबला की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो, ‘जे’ दाबला की पुढे.

जुळलं की नाही हे पाहायला ओठ मिटणारी अक्षरं शोधा: प, ब, म. ‘मेरी’ला उद्देशून एक गाणं आहे, त्यात वृंद तोच शब्द पुन्हा पुन्हा उचलतो. ‘म’ला ओठ मिटताना दिसतात, मिटणं आणि ऐकू येणं एकत्र घडलं पाहिजे. खात्री नसेल तर पर्डींची काठी ड्रमवर पडते तो क्षण पाहा. हे काम आदल्या दिवशी उरका, पाहुणे आल्यावर नाही.

पडदा

सहा-सात माणसांना ५५ इंची टीव्ही स्वस्तातल्या मिणमिणत्या प्रोजेक्टरपेक्षा केव्हाही बरा. प्रोजेक्टर घेणार असाल तर खोक्यावरच्या हजारोंच्या आकड्यावर जाऊ नका. उजेड किती पडतो ते सांगणारा ‘अन्सी ल्युमेन’ (ANSI) हा आकडा विचारा. अंधाऱ्या खोलीत १०० इंची चित्राला २००० पुरतात. १०० इंची म्हणजे चित्र २.२ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. प्रोजेक्टरवर फेकीचं गुणोत्तर (थ्रो रेशो) लिहिलेलं असतं, ते १.३ असेल तर २.२ गुणिले १.३, म्हणजे पडद्यापासून सुमारे २.९ मीटरवर तो ठेवायचा. चित्राची खालची कड जमिनीपासून ७५-८० सेंटिमीटर वर घ्या, नाहीतर पुढच्याचं डोकं पडद्यात येतं.

गुळगुळीत पांढरी भिंत असेल तर उत्तम. चादर लावणार असाल तर दुहेरी घ्या, मागे काळं कापड लावा, कारण एकेरी चादरीतून निम्मा उजेड आरपार जातो. वरून दोरी आणि खालून शिवलेल्या नेफ्यात लोखंडी नळी घातली की सुरकुत्या जातात.

टीव्ही असो की प्रोजेक्टर, चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीवर तिला ट्रू मोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो. ती चालू राहिली तर १९७२ चं चर्च आजच्या मालिकेच्या सेटसारखं दिसतं. शार्पनेस खाली आणा आणि ‘नॉइज रिडक्शन’ही बंद. सोळा मिलिमीटरच्या फिल्मला दाणा असतोच, आणि तो पुसायला गेलं की कातडीवरचा घामही पुसला जातो. अरिथाच्या कपाळावर, गळ्यावर दिव्यांच्या धगीने आलेला घाम दिसला पाहिजे. जुनं चित्रण चौरसाकडे झुकणारं असेल तर बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या; ‘फुल स्क्रीन’ने माणसं रुंद होतात.

खोली, वीज, खाणं

कोब्याची किंवा फरशीची जमीन आणि मोकळ्या भिंती आवाज परतवतात. सतरंज्या, गाद्या, जाड पडदे, मागच्या भिंतीवर दोन-तीन गोधड्या टांगल्या की खोली शांत होते. टाळी वाजवून पाहा. मागे ‘झिंग’ उरत असेल तर आणखी कापड हवं. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात हा बेत करू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच्या रात्री सर्वांत चांगल्या, पंखा बंद ठेवता येतो. गच्चीवर खालचे स्वर उडून जातात, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे. आत बसा आणि साडेसातला सुरू करा.

लाईट जाण्याची सोय पाहा. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून पाचशे-सहाशे वॉट धरा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर स्पीकर घरघरतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला निदान छोटा यूपीएस हवाच: वीज एकदम गेली तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तडकतो.

खाण्याचं म्हणाल तर सांगलीत भडंग पुढे येणारच. तो आधी द्या किंवा नंतर द्या, चालू असताना नको. या मैफलीत अरिथा एखादा सूर इतका हळू सोडते की शेजारच्याचा कुरकुर आवाज त्याला झाकून टाकतो. साताऱ्याहून कुणी कंदी पेढे आणले असतील तर ते मधे फिरवायला हरकत नाही, आवाज करत नाहीत. कागद मात्र आधी काढून ताटलीत ठेवा. चहा फक्त मध्यंतरात. चित्रपटात पहिली रात्र संपून दुसरी सुरू होते ती जागा मध्यंतराला नेमकी आहे, सात मिनिटांहून जास्त नको.

सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटं

इंग्रजी उपशीर्षकं बंद ठेवा. डोळे खाली अडकले की चेहरे निसटतात. त्याऐवजी एका कागदावर प्रत्येक गाण्याचा आशय मराठीत दोन ओळींत लिहून आधीच वाटा. दोन संदर्भ तोंडी सांगायलाच हवेत.

एक, मेरीच्या गाण्याचा. मेरी आणि मार्था या बहिणी, त्यांचा भाऊ लाझरस मरून चार दिवस झालेले, आणि येशू त्याला हाक मारून उठवतो, ही बायबलमधली कथा. त्याच गाण्यात इजिप्तचा राजा फेरो याचं सैन्य समुद्रात बुडाल्याचाही उल्लेख येतो. अमेरिकेत गुलाम म्हणून राबलेल्या आफ्रिकी माणसांसाठी ती जुनी गोष्ट नव्हती. जुलमी राजाची फौज बुडते आणि साखळदंडातली माणसं पलीकडे पोचतात, हे त्यांना स्वतःसाठी हवं होतं.

दुसरा, चित्रपटाला नाव देणाऱ्या भजनाचा. त्याचे शब्द जॉन न्यूटन या इंग्रज धर्मगुरूचे, १७७९ मध्ये छापलेले. हा माणूस आधी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. आणि दोनशे वर्षांनी ते भजन गुलामांच्या वंशजांच्या चर्चमध्ये, त्यांच्याच लेकीच्या तोंडून येतं.

पाहताना

मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत महोत्सवात ज्यांनी जमिनीवर बसून रात्र काढली आहे, त्यांना या चर्चमधली बैठक परकी वाटणार नाही. ऐकणारे गप्प बसत नाहीत. आपल्याकडे ‘क्या बात’ येते तशी तिथे ‘आमेन’ येते, माणसं उठून उभी राहतात, हात वर करतात. क्लीव्हलंड सुरुवातीलाच लोकांना सांगतात की हे मुद्रित होतंय, तेव्हा मनापासून दाद द्या. म्हणून पहिली सूचना: अरिथाकडेच टक लावून बसू नका. मागे रुपेरी जाकिटांतला सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर बसलेला आहे. तो शाहिराच्या मागच्या झीलकऱ्यांसारखा ओळ उचलतो, पण नुसती झील धरून थांबत नाही, ऐकता ऐकता स्वतःच हलून जातो. त्यांच्यासमोर संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन उभे असतात. त्यांच्या हातांकडे पाहिलं की आवाज कुठे उचलायचा, कुठे तोडायचा ते आधी कळतं.

टाळीचं सांगायलाच हवं. आपला हात समेवर, पहिल्या मात्रेवर पडतो. इथे चार मात्रांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते, आणि पर्डींचा ड्रमही तिथेच वाजतो. पहिलीवर टाळी दिली तर खोलीत दोन ठेके तयार होतात आणि गाणं अडखळल्यासारखं वाटतं. पाय एक-तीनवर आपटा, हात दोन-चारवर. दोन मिनिटांत अंगात बसतं. संथ गाण्यांत प्रत्येक मात्रा आतून तीन भागांत फुटते, म्हणून ती दादऱ्यासारखी झुलतात.

‘अमेझिंग ग्रेस’ची मूळ चाल पाच स्वरांची आहे: सा रे ग प ध. भूपाचे स्वर. पहिली ओळ साधारण प, सा, गसा, ग, रे, सा, ध, प अशी जाते, त्यातले पहिले आणि शेवटचे प-ध मंद्रातले. कुणाला पेटी येत असेल तर ही ओळ आधी एकदा वाजवून दाखवा. मग अरिथा काय करते ते उलगडतं. स्वर भूपाचे असले तरी चलन भूपाचं नाही, राग शोधत बसू नये. ती ठेका सोडून देते, आलापासारखं सुमारे अकरा मिनिटं गाते. एकेका अक्षरावर थांबते, त्याला खालून घासत वर नेते, मधेच कोमल गंधार आणि कोमल निषादाला स्पर्श करते. हे स्वर चालीत नाहीत, ते चर्चमधल्या आर्त गाण्यातून आलेत. आपल्या तानेशी तुलना करायची झाली तर फरक इतकाच सांगता येईल की इथली हरकत शब्दाला चिकटून असते. अक्षर सुटलं की हरकत संपते. याच गाण्यात क्लीव्हलंड पियानो सोडून बाजूला बसतात आणि रुमालात तोंड खुपसून रडतात. कॅमेरा तिथे जातो तेव्हा अरिथाकडे परत यायची घाई करू नका, ती ऐकू येतच असते.

संपूर्ण चित्रपटात ती जवळजवळ बोलत नाही. पहिल्या रात्री ती पांढऱ्या पोशाखात आहे. दुसऱ्या रात्री तिचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन आणि गॉस्पेलच्या थोर गायिका क्लारा वॉर्ड पुढच्या रांगेत येऊन बसतात. लेकीच्या चेहऱ्यात झालेला बदल बघा. ती पियानोवर बसून गात असताना वडील उठतात, रुमाल काढतात आणि तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. तिचं गाणं थांबत नाही. एवढीशी कृती, पण या चित्रपटात ती कुणाच्याही नजरेतून सुटू नये. मागच्या बाजूला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे मिक जॅगर आणि चार्ली वॉट्सही दिसतात.

चित्र मधेच धूसर होतं, कॅमेरे एकमेकांच्या चौकटीत येतात, पोलॅक स्वतः हातवारे करताना दिसतात. जागा एका जुन्या सिनेमागृहाची, पुढे चर्च झालेली. वावरायला फार वाव नव्हता. पाहुणे विचारतील, म्हणून हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

आदल्या दिवशी काय लावून तपासायचं

चाचणीसाठी सोल गायक ओटिस रेडिंगचं कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथलं चित्रण घ्या. १७ जून १९६७ ची रात्र, पाच गाणी, एकोणीस मिनिटं. मागे बुकर टी आणि एमजीज हा वादकांचा बँड, शिवाय ब्रासची फळी. त्यात तुतारीसारखे कडक आघात आहेत, त्यामुळे स्पीकर फाटतो का ते लगेच कळतं. अरिथाचं १९६७ साली गाजलेलं ‘रिस्पेक्ट’ मुळात ओटिसचं, १९६५ चं. तो ते इथे गातो. त्याच वर्षी १० डिसेंबरला विमान अपघातात तो गेला, अवघ्या २६ व्या वर्षी. बैठक जमली तर पुढच्या वेळी जेम्स ब्राउनचा सांता मोनिकातला १९६४ चा कार्यक्रम किंवा हार्लेममधल्या १९६९ च्या महोत्सवावरचा २०२१ चा चित्रपट लावता येईल. सुरुवात मात्र अरिथापासूनच करावी असं ठाम मत आहे. सोलचा हुंकार चर्चमधून बाहेर आला. तो मुळात कसा लागत होता हे एकदा ऐकलं की बाकीचे सगळे गायक जास्त कळतात.

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नका, नामावली पूर्ण जाऊ द्या, त्यावरही आवाज चालू असतो. नंतर मिक्सरचा मास्टर पूर्ण खाली, मग आधी स्पीकर बंद, मग मिक्सर, शेवटी लॅपटॉपची वायर. उलट क्रमाने काढलं तर ‘धप्प’ असा धक्का बसतो आणि स्पीकरचा पडदा फाटू शकतो. प्रोजेक्टर बटणाने बंद करा आणि पंखा स्वतःहून थांबेपर्यंत प्लग काढू नका. दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात भडंगाचा डबा उघडा.